आधी धुलाई, मग तपासणी

बाईंची सारी हयात जुन्या हस्तलिखितांचे संपादन करण्यात गेली. अमुक शब्द मूळ लेखकाचा की एखाद्या नकलाकाराने मागाहून घुसडलेला, याचा छडा लावताना त्यांनी भल्याभल्यांची झोप उडवली होती. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'तळटीप' म्हणत. ते त्यांच्या कानावर आले होते आणि ती त्यांना पदवीच वाटत असे. तेव्हा निवृत्तीनंतर घेतलेल्या हायब्रिड गाडीचे माहितीपुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचून काढले, हे ओघानेच आले. ज्याने गाडी विकली त्यानेसुद्धा ते वाचलेले नव्हते.

त्या वाचनामुळेच त्या बचावल्या. शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात बहिणीला भेटून परतताना, एका रडतखडत चाललेल्या ट्रकला मागे टाकण्यासाठी त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. ट्रक मागे पडला. बाईंनी पाय उचलला, पेडल मात्र खालीच राहिले. गिअर बदलल्याचा एकही हिसका न देता, एकाच सुरात, गाडी वेग वाढवीत गेली. स्वतःच्या मताविषयी यत्किंचितही शंका नसलेली माणसे बोलत जातात, तशी. बाईंनी सगळा भार ब्रेकवर टाकला. वेग मंदावला, ओढ सुटेना. तेव्हा त्यांनी गिअरची दांडी 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर, ढकलली आणि तिथेच दाबून धरली. नुसती ढकलून भागत नाही, क्षणभर धरून ठेवावी लागते, असे माहितीपुस्तकात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले होते. ओढ सुटली. गाडी रस्त्याकडेच्या गवतात उतरली आणि एका रोपवाटिकेच्या कुंपणाला टेकून उभी राहिली. बाईंना ओरखडासुद्धा उठला नाही.

मुलगा धावतपळत आला. "लागलं नाही ना, आई?" असे विचारत त्याने आईचा खांदा धरला, आणि दुसऱ्या हाताने किल्ली उचलून स्वतःच्या खिशात टाकली. एवढ्या हळुवारपणे जप्ती झालेली बाईंनी पूर्वी पाहिली नव्हती.

त्या खिशात काय गेले, याची मुलाला कल्पना नसावी. पक्षाघाताने बहिणीची वाचा गेली होती. बाई दर आठवड्याला तिच्या उशाशी बसून तिला मोठ्याने वाचून दाखवत. बाईंनी मुद्दाम एखादा उच्चार चुकवला, की बहिणीच्या भुवया वर चढत. दोघींचे संभाषण आता एवढेच उरले होते. तिकडे बस जात नसे. "मी नेत जाईन की तुला," मुलगा म्हणाला होता. मावशीला तिथे दाखल केल्यापासून तो एकदाच तिकडे फिरकला होता, तोही सारा वेळ फोन कानाला लावून.

सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरची दाढी कोरलेली होती आणि वाणीत साखर पेरलेली होती. साखरेचा रोख मात्र मुलाकडे होता.

"सर, गाडीत काहीच दोष नाहीये. पेडल लोण्यासारखं चालतंय. आजींचा पाय चुकून तिकडे पडला असणार, अहवालातही तसंच लिहिलंय. होतं असं."

"आजी तुमच्या घरी असतील," बाई म्हणाल्या. "इथे मी गिऱ्हाईक आहे. माझ्याकडे बघून बोला."

"आई, ते चांगल्या मनाने सांगताहेत गं."

"चांगल्या मनाने सांगितलं की चुकीचं बरोबर होतं का रे?"

मॅनेजरने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "बघा मॅडम, गाडी सगळी नोंद ठेवते. हे तुमचं अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल. पूर्ण दाबलेलं."

"कोणी?"

"म्हणजे?"

"दाबलेलं होतं, इतकंच ही नोंद सांगते. कोणी दाबलं, ते कुठे लिहिलंय?"

"गाडीत तुमच्याशिवाय होतं कोण?" मॅनेजर हसला. मुलगाही अर्धवट हसला, आणि आईकडे नजर जाताच उरलेले अर्धे त्याने गिळले.

"बरं. त्याच क्षणी ब्रेकची नोंद काय म्हणते?"

मॅनेजरचे बोट स्क्रीनवर खाली सरकले. "ब्रेकसुद्धा... पूर्ण."

"मी एकाच पायाने गाडी चालवते. तो एक पाय एका वेळी दोन्हीकडे होता?"

"घाबरलं की दोन्ही पाय पडतात, मॅडम. वयस्कर लोकांचं फार होतं असं."

"आणि अशा घाबरलेल्या म्हातारीने गिअर मात्र पुस्तकाबरहुकूम 'एन'वर धरून ठेवला. कमालच म्हणायची तिची."

बाईंचा आवाज कधी चढत नसे. संतापल्या की त्यांचे व्याकरण अधिक शुद्ध होई आणि वाक्ये लांबत जात. जुन्या विद्यार्थ्यांनी एव्हाना दाराचा अंदाज घेतला असता. "ज्या गाडीविषयी तुम्ही इतक्या खात्रीने निर्णय दिलात," त्या म्हणाल्या, "ती गाडी, तुमची हरकत नसेल तर, मला माझ्या डोळ्यांनी पाहायची आहे."

गाडी मागच्या शेडमध्ये उभी होती. चेपलेला बंपर सोडला, तर ती आत्ताच कारखान्यातून आल्यासारखी दिसत होती. चाकांवर गवताचे पाते नव्हते. आतून साबणाचा वास येत होता.

"ही धुतलीत कधी?"

"आल्या आल्या. आधी धुलाई, मग तपासणी, हा नियमच आहे आमच्याकडे. मळकी गाडी मेकॅनिक हातात घेत नाहीत." मॅनेजरच्या स्वरात अभिमान होता.

बाईंना एक संग्रहपाल आठवला. पोथी अभ्यासकांच्या हाती देण्यापूर्वी त्याने समासांतले डाग पुसून काढले होते, आणि पुढे, समासांत काही लिहिलेले नव्हते असा दाखला स्वतःच्या सहीने दिला होता. तोही शांतपणे झोपत असे.

त्यांनी दार उघडून आत वाकून पाहिले. चालकाच्या पायाखाली काहीच नव्हते. नुसता उघडा तळ. आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःचीही लाज वाटली. अपघाताची हकीगत त्यांनी घरी, विमावाल्याला, इथे, इतक्यांदा इतक्या तपशिलाने सांगितली होती, त्यात ट्रक होता, ब्रेक होता, मुंगीएवढी अक्षरे होती. पायाखालची जमीन तेवढी नव्हती.

"मॅट कुठे आहेत?"

पाण्याचा पाइप गुंडाळणाऱ्या माणसाने हनुवटीने कठड्याकडे खूण केली. गाडीच्या नंबरचे बिल्ले अडकवलेली मॅट तिथे निथळत होती. चालकाच्या जागेची दोन होती: एक गाडीबरोबर आलेले, कापडी, दुसरे जाडजूड, रबरी.

रबरी मॅट मुलाने आणले होते. या घरात सोफ्याला खोळ होती, खोळीवर चादर होती आणि पाहुणे आले तरी चादर निघत नसे. शुश्रूषागृहाच्या बागेतला चिखल आईच्या चपलांबरोबर गाडीत येतो, म्हणून त्याने एका सकाळी कापडी मॅटवर ते रबरी अंथरले. खालचे काढले नाही. खालचे नवे राहावे यासाठी तर वरचे होते. बाईंनी त्याचे कौतुकही केले होते.

"दोन्ही परत घाला. एकावर एक. गाडी इथे आली तशी."

"ओली आहेत, मॅडम."

"गाडीला पडसं होणार नाही."

मॅनेजरने सवयीने मुलाकडे पाहिले. मुलगा कठड्याकडे पाहत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

मॅट घातली. कापडी मॅट तळाच्या आकड्यांत नीट बसले. रबरीला आकडा कुठला? ते वर नुसते पडून राहिले. बाई चालकाच्या जागी बसल्या, टाच टेकवली आणि बंद गाडीचे पेडल पूर्ण दाबले. टाचेबरोबर रबर पुढे सरकले. पुन्हा दाबले, आणखी सरकले. मग त्यांनी पाय उचलून दाराबाहेर काढला आणि तसाच अधांतरी धरला. पेडल वर आले नाही. त्याचे खालचे टोक रबराच्या जाड काठाखाली अडकून बसले होते.

पाइपवालासुद्धा गुंडाळायचा थांबला.

"पण मॅडम," मॅनेजरने घसा खाकरला, "हे मॅट आमच्या कंपनीचं नाही. म्हणजे गाडीत दोष नाही, हे खरंच ठरलं की."

"ठरलं. गाडीत दोष नाही. चालवणारीतही नाही. तुमच्या अहवालात या दुसऱ्या वाक्याच्या जागी तुम्ही भलतंच लिहिलंत, ते खोडा. मी थांबते."

तो अहवाल दुरुस्त करायला आत गेला. मायलेक गाडीपाशी उरले.

"आई, मला काय माहीत... तुझ्या सोयीसाठीच आणलं होतं मी."

"माहीत आहे मला."

"तरीपण, मला वाटतं, आता वय झालंय तुझं. गाडीचं आपण जरा..."

"सकाळपर्यंत पुरावा गाडीचा होता. तो कोसळला, म्हणून आता वय काढलंस होय? मॅट अंथरलंस तेव्हा हेच वय होतं, राजा. तेव्हा कुठे म्हणालास, चालवू नकोस?"

"मग मी काळजी करायचीच नाही का?"

"कर की. किल्ली देऊन कर."

मुलगा काही वेळ खिशात हात घालून उभा राहिला. मग तो हात बाहेर आला.

दुरुस्त अहवाल घेऊन आलेल्या मॅनेजरने रबरी मॅट काढून हातात धरले आणि ते कुठे ठेवू म्हणून विचारले. "ज्यांचं आहे त्यांच्याकडे द्या," बाई म्हणाल्या. मागच्या डिकीचा विषय कोणी काढला नाही. मुलगा ओले मॅट मांडीवर घेऊन आईच्या शेजारी बसला.

गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडली. प्रत्येक वळणावर मुलाचा उजवा पाय, ब्रेक नसलेल्या जागी, ब्रेक दाबत होता. बाईंना ते दिसत होते. मोठ्या चौकात त्यांनी शहराबाहेरच्या रस्त्याकडे वळायचा दिवा लावला.

"आई, घर डावीकडे."

"मावशी उजवीकडे."

"आज?"

"तिच्याकडची मागची खेप चुकली आहे."

मुलाने मांडीवरचे मॅट सावरले. पँटमधून पाणी आत उतरत होते. त्याने घरी फोन लावून बायकोला सांगितले की उशीर होईल. किती, असे तिने विचारले, तेव्हा त्याने आईकडे पाहिले. आईचे लक्ष रस्त्यावर होते.