रिस्ट्रेन झालेला नवरा

बेचाळीसच्या दिवाळीत फौजदारानं आमच्या मालकांच्या हातात इंग्रजी कागद ठेवला, आन् तवापासनं माझ्या जिवाला घोर लागला. भूमिगत पोरांना चार भाकरी दिल्या, एवढाच गुन्हा. त्याबी मीच थापलेल्या. पण कागद आला त्यांच्या नावानं. मास्तरांनी पारावर त्यातल्या वरच्या दोन वळी वाचून दावल्या. ‘रिस्ट्रेन’ म्हंजे आडवून ठेवणं, हलू न देणं. आकाराम पाटलानं पलूसची वेस वलांडायची न्हाई. गावानं हार घातला.

झालं! ऊस वेशीबाहेर, म्हणून पाणी पाजायला मी. बाजाराला मी. गोठा तर घराला लागून, तरी म्हशीला वैरण टाका म्हटलं की पारावरनंच म्हणायचं, “मला रिस्ट्रेन केलंय.” जळ्ळं मेलं ते इंग्रजी. येणारेजाणारे मात्र वाकून रामराम घालायचे.

आषाढात आमच्या अंजनाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. लेकीला आणायला बापानं न्हाईतर भावानं जायचं; बाईमाणसासंगं सासू धाडत नसती. माझा लेक फौजेत, सातासमुद्रापल्याड मिसरात. तिकडं सांगलीत पोरीला या दिवसांतबी पाणी भराय लावत्यात असं कळलं. कागद उचलला आन् भूपालअण्णांचं दुकान गाठलं. अण्णा इंग्रजी शिकलेले. “कुणाच्या तरी हातापाया पडून मालकांना दोन दिस सोडवा,” म्हटलं.

अण्णांनी कागद वाचला. “वहिनी, ह्याची मुदत सहा म्हैन्यांची. वैशाखातच सरली की.”

“मालकांना ठावं हाय?”

अण्णा तराजू पुसायला लागलं. “मीच सांगितलं हुतं. कुणाला बोलू नका म्हणालं.”

घरी येऊन इचारलं. मालक आधी खाकरलं, मग हळूच म्हणालं, “सुटलो म्हटलं तर पारावर कोण इचारतंय गं मला?”

“आन् पोरगी?”

तर मालक पागोटं उचलून पारावर निघालं. मी लुगड्याची गाठ मारली आन् एकटीच निघाले.

सांगलीत विहीणबाई दारातच आडवी. “बाप कुठाय तिचा?” असा संताप हुता की खरं काय ते सांगून टाकावं. पण मागं अंजना हंडा घेऊन उभी. पाय सुजलेले, तोंड एवढंसं झालेलं. मी कनवटीला खोचलेला कागद काढला. “सरकारनं आडवलंय त्यास्नी. पाऊल टाकलं तर तुरुंग.”

व्याह्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आन् कपाळाला लावला. “अशा माणसाची लेक आपल्या घरात, आन् तू दारात वाद घालतीस?” म्हणून बायकोवरच ओरडले. विहीणबाईनं मुकाट खणानारळानं ओटी भरली.

मोटारीत अंजना माझ्या खांद्याला टेकली. मग डोळं पुसत म्हणाली, “आये, मला वाटलं हुतं, आबा मला इसरलं. लय तडफडलं असतील न्हवं, मला न्यायला?”

मी तिचा पदर नीट केला.

“व्हय गं,” म्हटलं, “लय तडफडलं.”