नकाशात नसलेला पाइप

लेहतोवारा गावची आरागिरणी बंद पडून सहा वर्षं झाली होती आणि तळ्याकाठच्या तिच्या जमिनीवर आता घरं उठायची होती. त्याआधी जमिनीत डिझेल कुठं, किती मुरलंय ते शोधायचं काम मार्युत लेप्पानिएमीकडे आलं. चौतिशीची बाई, कामात चोख आणि तितकीच हट्टी. तिच्या हाताखाली एकच माणूस होता, पोकलेन चालवणारा वेइक्को हाउताला. एकसष्टीचा. याच गिरणीत त्याचा उभा जन्म गेला होता, त्यामुळे इथली वीत न् वीत त्याला ठाऊक.

सकाळचे दोन खड्डे स्वच्छ निघाले. दोन्ही वेळा मार्युतनं खूण केलेली जागा वेइक्कोनं बदलायला लावली होती. “तिथं खाली खडक आहे, पोरी. चार मीटर अलीकडे घेऊ.” तिनं ऐकलं. तिसऱ्या वेळी मात्र ती आपल्या खुणेवर बूट रोवून उभी राहिली.

“खडक लागला तर लागू दे. इथंच खणा.”

वेइक्को जागेवर नुसताच बसून राहिला.

“काय झालं? मशीन सुरू होत नाही?”

“होतं की. आमच्या दोघांचंही वय झालंय, एवढंच.”

अडीच मीटरवर वास आला. तळाशी पाणी झिरपायला लागलं, त्यावर तेलाचा रंगीत तवंग. आणि समोरच्या मातीतून गंजलेल्या पाइपाचं फुटकं तोंड बाहेर आलं होतं. मार्युतनं नकाशा उलटसुलट करून पाहिला. तिथं कुठलाच पाइप नव्हता.

“मी खाली उतरते.”

“डोकं फिरलंय का? ओली वाळू आहे ती. मी माती वर काढून देतो, वरूनच बघ.”

“बकेट लागली की पाइप आणखी तुटेल. मग आधीचा फुटलेला कुठला नि आत्ताचा कुठला, कसं कळणार? दोन मिनिटांचं काम आहे.”

भिंतींना आधार न लावलेल्या खड्ड्यात उतरायचं नाही, हे ती स्वतःच नव्या लोकांना दरवर्षी शिकवायची. तरी तिनं शिडी लावली.

फोटो काढून झाले. तपासणीच्या नमुन्याची बरणी अर्धी भरली होती. काही वाजलं नाही, काही तडकलं नाही. पाठीमागची भिंत भिजल्या पोत्यासारखी नुसती खाली बसली. मार्युतनं डोळे उघडले तेव्हा ती छातीपर्यंत मातीत होती. डावा हात आत, उजवा बाहेर. पाय हलवायला गेली तर पायच नसल्यासारखं वाटलं.

वर वेइक्कोनं इंजिन बंद केलं. मशीन मागं घ्यावं तर हादऱ्यानं दुसरा काठही कोसळायचा. त्यानं फोन लावला. गावात बंब नव्हता. शेजारच्या गावाहून यायला चाळीस मिनिटं लागणार होती. मग काठावर एक फळी टाकून तो त्या फळीवर पालथा पडला आणि दुसरी फळी त्यानं मार्युतच्या डोक्यामागं सरकवली.

“हलू नकोस. सावकाश श्वास घे.”

सावकाश म्हणजे कसा? ती श्वास सोडायची तेवढी जागा माती धरून बसायची. पुढचा श्वास आधीच्यापेक्षा तोकडा. आत कुठंतरी बर्फासारखं पाणी मांड्यांपर्यंत चढलं होतं. जिभेवर डिझेलची चव होती, डोकं ठणकत होतं. तिनं उजव्या हातानं छातीसमोरची माती उकरली. जेवढी उकरली तेवढी पुन्हा घसरली.

“झोपू नकोस! बोल काहीतरी. शिव्या दे मला.”

“तुम्ही बोला,” ती कशीबशी म्हणाली. “हा पाइप... कुठला?”

वेइक्कोनं हनुवटी फळीवर टेकली.

“बॉयलरकडे जायचा. शहाऐंशीच्या जानेवारीत माझ्याच बकेटनं फुटला. तेवीस वर्षांचा होतो मी. दोन दिवस डिझेल वाहत होतं. मुकादम म्हणाला, माती लोट आणि तोंड शिवून घे. बर्फ वितळल्यावर तळ्याकाठच्या चार घरांच्या विहिरींना वास यायला लागला. गिरणीनं त्यांना फुकटात नळ घालून दिले. बिचारे आभार मानायला केक घेऊन आले. मीही खाल्ला.”

“सकाळी... खडक?”

“नव्हता.”

तिला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं. पण ओरडायला हवा लागते, आणि गेलेली हवा परत मिळेल याचा भरवसा नव्हता. शिवाय चौकोनी आभाळात तेवढा एकच चेहरा होता. तोही दिसेनासा झाला असता तर? तिनं राग गिळला आणि त्यानं खाली सोडलेला हात घट्ट धरला.

बंबवाले आले. त्यांनी चारी बाजूंना फळ्या ठोकल्या, हातांनी माती उपसली. त्यात दोन तास गेले. तिचा एक बूट, कॅमेरा आणि बरणी आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात रिस्तोला नावाचा माणूस आला, घरं बांधणाऱ्या कंपनीचा. खुर्ची ओढून मऊ आवाजात म्हणाला, “तू विनाआधार उतरलीस हे अहवालात लिहायलाच हवं असं काही नाही. तुझा परवाना आहे, त्याची काळजी घ्यायला हवी. दोन खड्डे स्वच्छ आहेत. तिसरा अपघातामुळे रद्द, असं टाक. खड्डा आम्ही कालच बुजवलाय, सुरक्षेसाठी.”

तो गेल्यावर मार्युत छताकडे पाहत पडून राहिली. बरगड्यांना पट्टा होता. श्वास अजूनही अर्ध्यावरच अडायचा. लिहिलं तर स्वतःचा गुन्हा आधी लिहावा लागणार, आणि पुरावा एकही नाही. नाही लिहिलं तर त्या मातीवर लहान मुलं खेळणार.

तिसऱ्या दिवशी वेइक्को आला. टोपी हातात, दारातच उभा.

“मी लिहिणार आहे,” ती म्हणाली. “माझी चूक धरून सगळं. पण नुसत्या माझ्या शब्दावर ते परत खणू देणार नाहीत.”

“त्या चारातल्या एका घरात माझी बहीण राहते. अडतीस वर्षं दर रविवारी तिच्याकडे कॉफी पितो मी.”

“मग?”

तो खुर्चीवर बसला.

“तिला काल सांगितलं. तिनं मला दार दाखवलं.” त्यानं नाक पुसलं. “आता राहिलंय काय लपवायला? काढ कागद.”

त्यानं सांगितलं ते तिनं लिहून घेतलं आणि खाली त्यानं सही केली. नोव्हेंबरात, जमीन गोठायच्या आत, दुसऱ्या कंपनीनं तो खड्डा उघडला. पाइपावर बकेटच्या दातांचे जुने, गंज चढलेले वळ होते. घरांचं काम थांबलं. मार्युतला वर्षभर कामाच्या जागेवर जायला बंदी झाली, ती ऑफिसात बसून दुसऱ्यांचे अहवाल तपासू लागली. तिथल्या खोलीचं दार ती कधी लावून घेत नसे.