भूपेशभाऊंचा नारळ

झाडीपट्टी नाटक मंडळीचे मालक भूपेशभाऊ आमच्या घरी नारळ ठेवून गेले. "फोडला तं पोरगी यंदा आमची गायिका. नाई तं तसाच वापस करा." अख्खी जिंदगी दारात ठेवून हा माणूस चहासुद्धा न घेता गेला!

माझी बारावी झाली होती. चंद्रपूरच्या कॉलेजात जावं की स्टेजवर गावं, माझं काही ठरत नव्हतं.

सकाळी पाणी घेऊन आले तर आत खाडकन आवाज झाला. आईनं नारळ फोडला होता.

"माय, मले विचारलं काऊन नाई?"

"मले आलेला नारळ माह्या बापानं मले न विचारताच वापस केला होता," ती म्हणाली. "गा आता."

मी तोंड उघडलं. आवाजच निघेना.