ओली शाई

दाराची कडी वाजली तशी मायरोना ताडकन उठली. लिहिलेलं पान तिने घाईघाईने पिठाच्या परातीखाली सारलं.

गेल्याच शनिवारी पेर्पिन्याँ गावच्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, बहिष्काराची द्वाही फिरली होती. ग्रीकांचं तत्त्वज्ञान पंचविशीच्या आत कुणी वाचायचं नाही. वाचेल किंवा पोरांकडून वाचून घेईल तो समाजाबाहेर. मायरोना वीस वर्षांची. तिचे वडील आस्त्रुक अरबी पोथीवरून तेच तत्त्वज्ञान हिब्रूत आणत होते. म्हातारपणाने त्यांचे हात थरथरायचे, म्हणून ते सांगायचे आणि ती लिहायची.

समाजाचे पंच बोनिसाक आत आले. बसले नाहीत. परातीखालून डोकावणारं टोक पाहून त्यांनी परात उचलली, पान काढलं, त्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"शाई ओली आहे, आस्त्रुक. कुणी लिहिलं?"

"मी."

"असं? मग लिही बघू एक ओळ."

आस्त्रुकनी बोरू धरला. एक अक्षरसुद्धा उमटेना, नुसते डाग पडले. मायरोनाला ते बघवेना.

"मी लिहिलंय," ती म्हणाली.

"गप्प बस, पोरी!" वडील ओरडले.

बोनिसाक तिच्याकडे वळले. "कळतं तरी का काही? काय लिहिलंस?"

"देवाला हात नाहीत, डोळे नाहीत. तो रागावतो म्हणतात, ती आपली माणसांची बोली. त्याला राग येत नाही."

"मग एवढी थरथरतेस कशाला?"

"तुम्हाला येतो ना."

बोनिसाक सगळी पानं आणि अरबी पोथी काखेत मारून निघून गेले.

पुढच्या शनिवारी सिनेगॉगच्या माडीवर, बायकांच्या खोलीतल्या झरोक्याशी ती जीव मुठीत धरून उभी राहिली. बहिष्कारासाठी नाव पुकारलं गेलं ते एकट्या आस्त्रुकचं. तीस दिवस कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्या पंगतीला बसायचं नाही. बाकावरचे शेजारी सरकले. चाळीस वर्षांचा मित्र विदालसुद्धा.

ती धावत खाली गेली आणि वडिलांचा दंड धरून त्यांना बाहेर घेऊन आली. गल्लीत एकेक दार लागत होतं.

"तुझं नाव नाही घेतलं बोनिसाकने," आस्त्रुक म्हणाले. "पोथी गेली, पण निम्मी मला पाठ आहे. उद्या लिहायला बसायचं?"

मागे कुणाची तरी पावलं वाजत होती. वळून बघायचा तिला धीर झाला नाही.

"हळू बोला, बाबा," ती म्हणाली. "बसायचं का ते घरी गेल्यावर सांगते."