काचपेटीला कुलूप

लॅम्बरिगच्या खाणीत चाळीस वर्षं कोळसा फोडलेला विल्फ ब्रॅक नाताळच्या आठवडाभर आधी गेला, आणि त्याची लीकची रोपं त्याच्या बायकोच्या, हिल्डाच्या गळ्यात पडली. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोराड भाऊ. पण उत्तर इंग्लंडात, डरहॅमकडच्या खाणकामगारांना त्याचं असं वेड, की सप्टेंबरातल्या स्पर्धेपायी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसत. विल्फचं वाण गावात सगळ्यात जाड होतं. शेजारच्या मळ्यातला राल्फ जॉब्सन वीस वर्षं त्याच्याकडे एक रोप मागत आला होता, आणि विल्फ वीस वर्षं नुसता हसत आला होता.

रोपं मळ्यातल्या काचपेटीत होती. बिनबुडाची फळ्यांची पेटी, मागून उंच, पुढे उतरती, आणि झाकण म्हणून जुन्या घराची एक अख्खी खिडकी. बाहेर बर्फ साचला तरी आतली माती मऊ राही. "झाकण लावत जा गं, वर गोणपाट टाकत जा," एवढंच विल्फने अंथरुणावरून सांगितलं होतं. बाकीचं त्याने कधी सांगितलं नाही आणि हिल्डानेही कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी तिने रोपं मोजली. अठ्ठेचाळीस. जानेवारी संपताना सेहेचाळीस भरली.

'आपलंच चुकलं असेल,' ती मनाशी म्हणाली. पुढच्या आठवड्यात बोट लावून मोजली तर चव्वेचाळीस! उंदीर म्हणावा तर कुरतडल्याची खूण नाही. जिथून रोप गेलं तिथली माती बोटाने नीट दाबून सारखी केलेली. इतका टापटिपीचा उंदीर हिल्डाने जन्मात पाहिला नव्हता.

मग एका उन्हाच्या दुपारी ती मळ्यात गेली, तर झाकण चार बोटं वर उचललेलं, खाली वीट लावलेली. कुंपणापलीकडे राल्फ पाठमोरा उभा राहून कुदळ पुसत होता. कुदळ आधीच लख्ख होती.

"राल्फ, इथे कुणी आलं होतं का रे?"

"मी नाही पाहिलं, मिसेस ब्रॅक."

"वीट काय आपल्या पायाने आली?"

"वारा सुटला होता खरा," राल्फ म्हणाला.

वाऱ्याने वीट आणली म्हणे! हिल्डाने झाकण धाडकन आपटलं. त्या दिवसापासून तिला राल्फचं सगळंच खुपू लागलं. तो शिट्टी वाजवी, तर कशाला वाजवतो? वाजवत नसे, तर गप्प का? खाणकामगारांच्या क्लबात त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली, तेव्हाही तिने आधी त्याच्या नखांतली माती पाहिली. मार्चच्या मध्यावर रोपं अडतीसवर आली, तशी तिने पेटीला कडी ठोकली आणि भलंमोठं पितळी कुलूप घातलं. बहीण आयरिन साउथ शील्ड्सहून कधीची बोलवत होती. किल्ली पर्समध्ये टाकून हिल्डा निश्चिंत मनाने चार दिवस तिच्याकडे गेली.

ते चारही दिवस आकाश निरभ्र होतं. दोघी बहिणी किनाऱ्यावर बसून मासे-बटाटे खात होत्या, आणि असं ऊन मार्चात कधी पडलं नाही म्हणून हरखून जात होत्या.

परत येऊन तिने कुलूप काढलं, तर आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. अडतीसच्या अडतीस रोपं उकडलेल्या भाजीसारखी मातीवर पसरली होती. हिल्डा मटकन उलट्या बादलीवर बसली. विल्फच्या अंत्यविधीला ती रडली नव्हती. आता मात्र तिला रडू आवरेना.

राल्फ कुंपणाशी आला. टोपी हातात.

"ऊन असलं की झाकण उचलायचं असतं, मिसेस ब्रॅक. नाहीतर आतली शिजतात. या खेपेला मी काच फोडणार होतो. पण तुम्ही पोलिसांत गेला असता."

"म्हणजे वीट तूच लावायचास!"

"मीच."

"आणि रोपं?"

राल्फने टोपी एकदा या हातातून त्या हातात घेतली. "सांभाळायला नेली असं म्हणू शकतो. पण खोटं कशाला? चोरली. वाटलं, तुम्ही ही सगळी मारणार. आणि चोरायचं तर माल जिवंत ठेवायला नको का?"

हिल्डाला राग यावा की हसू, कळेना. राल्फ आपल्या मळ्यातल्या खोपटात गेला आणि एक कुंडी घेऊन आला. आठ रोपं, हिरवीगार, विल्फच्या वेळी असायची तशीच तरतरीत.

तिने डोळे पुसले आणि मोजली. "दहा गेली होती."

"दोन मेली."

"असं?"

ती कुंपणाचं फाटक ढकलून थेट त्याच्या मळ्यात शिरली. त्याच्याही पेटीचं झाकण उघडं होतं. कोवळ्या कोबीच्या मागे, कोपऱ्यात, दोन रोपं मान वर काढून उभी होती. राल्फ कानापर्यंत लाल झाला.

हिल्डाने त्यातलं एक मुळासकट अलगद उचललं. दुसऱ्याला हात लावला नाही.

"हे ठेव तुला."

राल्फचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. स्पर्धेत लीक जोडीनेच मांडावी लागते. एकटीला कुणी टेबलावर जागा देत नाही.

"अहो, पण एकाचं मी काय करू?"

"बी धरू दे. पुढच्या साली लाव, त्याच्या पुढच्या साली मांड. वीस वर्षं थांबलास, आणखी दोनाने काय होतंय?"

"विल्फने निदान आशा तरी लावली नव्हती," राल्फ पुटपुटला.

"ये आता," हिल्डा म्हणाली, "आणि झाकण किती उचलायचं ते दाखव. माझ्यासमोर."