ऐंशी बादल्यांचा हौद

मी एक जुना हौद आहे. खेड्यातल्या बॅप्टिस्ट मंडळीच्या प्रार्थनाघरात, पाळकांच्या व्यासपीठाखाली, फळ्यांनी झाकलेला. मित्रांनो, माझ्यात मासे नाहीत. माझ्यात माणसे बुडवून बाहेर काढतात. त्याला बाप्तिस्मा म्हणतात. कपाळावर चार थेंब शिंपडणाऱ्यांना पाहून आमची मंडळी नाक मुरडते. इथे बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतः मागून आणि नखशिखांत भिजून घ्यायचा असतो. त्याशिवाय कुणी सभासद होत नाही.

मला एका गवंड्याने आणि त्याच्या दोन मेहुण्यांनी बांधले. त्याआधी बाप्तिस्मा ओढ्यात होई. एका उन्हाळ्यात ओढा आटला, मोठमोठे भाविक चिखलात लोळले, तेव्हा कुठे यांना अक्कल आली. माझे कौतुक दहा वर्षे टिकले. मग वाद पेटला, पाणी कोमट करावे की थंडच असावे? सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले. कोमटवाल्यांनी तर रस्त्यापलीकडे वेगळे प्रार्थनाघर बांधले. शंभर वर्षांत या शहाण्यांनी केलेला सर्वांत खोल विचार तो हाच!

वाद घालायला सगळे होते, पाणी भरायला कुणी नव्हते. ते काम मावशी करायची. झाडलोट करणारी, कमी बोलणारी बाई. दर बाप्तिस्म्याला विहिरीवरून ऐंशी बादल्या, अशी तीस वर्षे. मंडळीच्या शताब्दीच्या पुस्तिकेत चिटणिसांनी लिहिले, "हौद मंडळीने भरला." मला त्या पुस्तिकेची किळस आली.

त्याच शताब्दीसाठी मला राडारोड्याने बुजवून वर उंच मंच करायचे ठरले. माझी पाणी सोडायची मोरी सिमेंटने बंदही केली. तेव्हा मावशी पाळकांपुढे उभी राहिली.

"हौद बुजवायच्या आधी मला बाप्तिस्मा द्या."

चिटणीस हसले. "मावशी, तुमचा झालाय की!"

"कधी?"

बाप्तिस्म्यांची यादी उघडली. नाव नव्हते. आयुष्यभर पाण्याशी असलेली बाई बुडालीच असेल, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

"मग तुम्ही मागितला का नाहीत?" पाळकांनी विचारले.

"वाटलं, एकदा तरी कुणी विचारेल."

पाळक खाली मान घालून म्हणाले, "रविवारी."

चिटणीस कुरकुरले, "पण पाणी कोण भरणार?"

"मीच. दुसरं कोण?"

तिने भरले. रविवारी पाळकांनी माझ्यात उतरून विचारले, "मावशी, तुमचा विश्वास आहे ना?"

"एवढं पाणी काय उगाच भरलं?"

ती बुडाली, वर आली, आणि मित्रांनो, मी आनंदाने भरून पावलो.

सोमवारी राडारोडा आला. चिटणीस म्हणाले, "मावशी, हौद उपसा."

"आता मी सभासद आहे. सभासदांनी मिळून उपसायचा. धरा बादली."

मंडळीतले पुरुष जमले. अकराव्या बादलीला एकाची कंबर धरली, विसाव्याला चिटणिसांना महत्त्वाचे काम आठवले. हौद ऐतिहासिक असल्याचा ठराव तिथेच एकमताने झाला. मी वाचलो, तो यांच्या आळसामुळे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे मी म्हणायला हवे. पण माणसांचा मला भरवसा नाही. निदान तुमच्यासाठी राबणाऱ्या माणसाला एकदा विचारा, "तुम्हाला काही हवंय का?" इथे हे विचारायला शंभर वर्षे पुरली नाहीत.