मोटारीमागचा आकडा

मी आकडा बोलतोय. मोटारीच्या मागे गाडी जोडायला लावतात तो लोखंडी आकडा. शहरातले लोक हूक म्हणतात. माझं बोलणं जरा घाईचं होईल, तेवढं सांभाळून घ्या. एक जण मला पुढे ओढतोय आणि दुसरा मागे खेचतोय, यातच माझा जन्म गेला. स्वस्थ बसायची सवय लागणार कुठून?

माझा जन्म डोणगावचा. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. पुंजाजी लोहारानं मोडक्या बैलगाडीच्या लोखंडी आसातून मला घडवलं. भट्टीतून काढलं, ठोकलं, वाकवलं, पाण्यात बुडवलं आणि अजून अंगातली धग गेली नाही तोच हिंमतराव पाटलांच्या हातात ठेवलं.

"पाटील, हा तुटला तं माहं नाव बदला," पुंजाजी म्हणाला. लोहाराला आपल्या कामाचा अभिमान असायचाच. मला मात्र त्या दिवसापासून धाकधूक लागली ती लागली.

हिंमतराव म्हणजे गावातला पहिला मोटारवाला. मोटार लहानशी, काळी, घरच्या माणसांपुरती. तिच्या मागे जोडायचं होतं एक अजब प्रकरण: चाकांची खोली. कुण्या साहेबानं दौऱ्यावर मुक्कामाला बांधून घेतलेली, सागवानी भिंतींची, आत पलंग, खिडकीला पडदे. साहेब गेला, खोली लिलावात आली आणि पाटलांनी ती घेतली. ट्रकनं ओढायची वस्तू होती ती. घरच्या मोटारीपेक्षा वजनानं भारी. पण हे तिच्याकडे पाहून कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण पडदे फार सुंदर होते.

हौस म्हणून घेतली, असं गाव म्हणायचं. गावाला काय माहीत! पाटलांची एकुलती एक लेक रुख्मिणी संग्रामपूरला दिलेली. पहिल्या खेपेला बैलगाडीच्या हिसक्यांनी तिचं पोट पडलं होतं. आता पुन्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, आणि डॉक्टरनं तर बजावलेलं की पोरीला आडवी ठेवूनच न्या. संग्रामपूर पार सातपुड्याच्या पायथ्याशी, डोणगाव घाटावर. म्हणून हा बाप पलंगासकट खोलीच घेऊन लेकीला आणायला निघाला होता. लेकीची माया मलाही कळत होती. पण मायेनं वजन कमी होत नाही, आणि ते वजन माझ्या मानेवर होतं.

निघायच्या दिवशी पाटलीणबाई, कौशल्याबाई, खोलीभोवती एक चक्कर मारून आल्या.

"अहो, हे धूड आपल्या मोटारीले झेपन का?"

"इच्यात तीस घोडे हायेत," हिंमतराव म्हणाले. "इंग्रजीत लिहिलेलं हाय. तीस घोड्यायले एक खोली जड होते का? कडूबा, तूच सांग."

कडूबा म्हणजे घरचा जुना गडी. तो तर मोटारीसमोरून जाताना हात जोडायचा. "तीस घोडे म्हंजे राजाची फौज झाली, पाटील!" तो म्हणाला.

झालं. निकाल लागला. घोडे ओढतील खरे, पण उतारावर मागचं वजन अंगावर आलं तर धरणार कोण, हा प्रश्न त्या अंगणात एकाच्याही मनात आला नाही. मी नुसता तळमळत होतो. खोलीची कडी माझ्या गळ्यात पडली, वरून खीळ ठोकली, पाटील, पाटलीणबाई आणि कडूबा मोटारीत बसले आणि आम्ही निघालो.

मेहकर, चिखली, बुलडाणा. सपाटीवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं. पण राजूर घाट उतरायला लागलो आणि त्या खोलीनं आपले गुण दाखवले. मोटार म्हणे हळू, खोली म्हणे चल. मागून अशी ढकलत होती की मोटारीचे ब्रेक करपल्याचा वास सुटला. एका वळणावर खोली शेपटीसारखी डावी-उजवी हलली. मला वाटलं, आता पाटील थांबतील आणि खाली उतरून पाहतील.

"उतार हाय, धावनच ते," पाटील म्हणाले आणि त्यांनी गाणं गुणगुणायला सुरुवात केली. असा राग आला मला! माणसाला एकदा देवानं वाचवलं की तो ते आपल्या हुशारीच्या खाती मांडतो.

नांदुऱ्याचं रेल्वे फाटक ओलांडून आम्ही संग्रामपूरला पोचलो. सगळं गाव खोली बघायला लोटलं. रुख्मिणी दारात आली. चेहरा पिवळट, एक हात पोटावर. बापाला पाहून हसली, पण आधी तिनं खोलीच्या चाकांकडे पाहिलं.

"बाबा, हिसके नाही ना बसनार?"

"फुलावानी नेतो तुले, बाई," हिंमतराव म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे सगळे गुन्हे माफ केले असते.

पण दुसऱ्या दिवशी ओटी भरली. रुख्मिणीची सासू अन्नपूर्णाबाई, मोठ्या मनाची बाई. सुनेची ओटी तिनं सुपात भरली नाही, पोत्यात भरली! गव्हाची पोती, तुपाचे डबे, केळीचे घड, शिवाय बाळंतिणीसाठी डिंक, खारका, गूळ. पुढच्या अंगाला पलंग होता, म्हणून सगळं सामान खोलीच्या मागच्या भागात रचलं.

"इहीणबाई, लय झालं हो," कौशल्याबाई म्हणाल्या.

"ओटीतलं कोनी वापस करते का? अपशकुन होते," अन्नपूर्णाबाईंनी तोंडच बंद केलं. लेकीकडच्या माणसांनी नाही म्हणायचं नसतं.

इकडे माझी गत काय झाली ऐका. मागचं वजन खाली बसलं आणि पुढचा दांडा वर उठू लागला. तो मला वर उचलत होता, आणि माझ्याबरोबर मोटारीचा मागचा भागही. बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. गाडी उलाळ झाली म्हणतात ना, तीच गोष्ट. आणि हिंमतराव पाटील अख्ख्या तालुक्यात गाडी भरण्यात हुशार! कापसाची गाडी ते अशी भरत की जू एका बोटावर तोलून दाखवत. पण मोटारीला जू नव्हतं, म्हणून त्यांनी बोट लावून पाहिलंच नाही.

परतीला राजूर घाट चढायचा होता. पाटील मोटार हाकत होते, कडूबा शेजारी. मागे खोलीत पलंगावर रुख्मिणी, तिच्या उशाशी कौशल्याबाई. पहिली वळणं कशीबशी पार पडली. मग चढ उभा झाला आणि मोटारीची मागची चाकं जमीन सोडल्यासारखी गरगरा फिरू लागली. धूळ उडाली, खडी उडाली, पुढे मात्र वीतभरही नाही.

आणि मग आम्ही मागे जायला लागलो.

पाटलांनी ब्रेक दाबला, हातानं ओढायचाही ओढला. पण मागच्या चाकांवर भारच नव्हता, ती धरणार कशाला? खोली आम्हाला मागे ओढत होती, हळूहळू, आणि मागे वळणापलीकडे दरी होती. मी माझं सगळं बळ लावून धरून ठेवलं. सोडलं तर ती पोर खाली जाणार, आणि नाही सोडलं तर सगळेच. अशा वेळी लोखंडानं काय करावं, सांगा!

कडूबा उडी मारून उतरला, हाती लागला तो दगड त्यानं खोलीच्या चाकामागे टाकला. दगड बाजूला उडाला.

"बाबा! गाडी मागं जाऊन राह्यली!" आतून रुख्मिणी ओरडली.

खोलीचं दार चाकाच्या जरा मागे होतं. ते धाडकन उघडलं. आत कौशल्याबाई फळ्यांवर बसल्या होत्या, पाठ भिंतीला टेकलेली, दोन्ही पाय गव्हाच्या पोत्याला लावलेले. ओटीचं पोतं! त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि लाथेनं ते बाहेर ढकललं.

"कडूबा, चाकाखाली सार!"

कडूबानं सारलं. चाक पोत्यावर चढलं, पोतं फाटलं, गहू रस्त्यावर सांडला आणि चाक त्या गव्हात रुतून थांबलं. थांबताना जो हिसका बसला तो सगळा मी खाल्ला. माझ्या मानेत काहीतरी कटकन झालं. कुणाला ऐकू गेलं नाही.

बाईनं लगेच दुसरं पोतं ढकललं, तिसरं ढकललं. मागचं वजन उतरलं तशी मोटारीची चाकं पुन्हा जमिनीवर नीट बसली. मग कडूबानं सगळीकडे दगड लावले.

रुख्मिणीला उतरवून रस्त्याच्या कडेला गोधडीवर बसवलं. दोन्ही हात पोटावर. पाटील मोटारीला धरून उभे होते. लेकीला विचारायची हिंमत त्यांना होईना.

"काहून चूप हाय वं, बाई?" शेवटी आईनं विचारलं.

किती वेळानं कोण जाणे, रुख्मिणीनं आईचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. "हाललं, माय. लाथ मारून राह्यलं."

हिंमतराव पाटील रस्त्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

मग ते उठले. खालच्या राजुरातून बैलगाडी आणवली आणि ओटीचं सामान स्वतःच्या हातानं तिच्यात भरलं. भरून झाल्यावर सवयीनं जुवाखाली बोट लावलं आणि तसेच थिजले.

"कौशल्ये, हे मले बैलगाडीत कळते. मोटारीत काऊन नाही कळलं?"

"बैल जीव लावून हाकता तुम्ही," बाई म्हणाल्या. "मोटारीचे घोडे कुठं दिसतात?"

"आन् इहीणबाईले काय सांगशीन? ओटी तं मातीत गेली."

"सांगीन, तुमच्या गव्हानं तुमचं लेकरू धरलं म्हणून."

खोली घाटातच सोडली. पुढे कुण्या कंत्राटदारानं ट्रक लावून नेली. रुख्मिणी मोटारीतच आईच्या मांडीवर डोकं ठेवून, बैलाच्या चालीनं डोणगावला पोचली. आणि महिन्याभरानं तिला मुलगी झाली. ठणठणीत, रडकी, घर डोक्यावर घेणारी.

मी सुखी झालो असेन असं वाटलं ना? ऐका पुढे. मोटारीला आता माझं काम नव्हतं. बारशाच्या तयारीत कडूबाला पाळणा टांगायला काहीतरी मजबूत हवं होतं. त्यानं मला काढलं, पुसलं आणि ओसरीच्या तुळईला ठोकलं. माझ्या मानेत घाटातला तडा, आणि माझ्याखाली पाळणा! ओरडावं तर मला तोंड कुठलं? बायका जमल्या, कुंची आली, घुगऱ्या आल्या. रुख्मिणीनं मुलीला उचललं. मी वरून नुसता जळत होतो.

"थांबा," हिंमतराव म्हणाले.

त्यांनी पाळणा सोडला, माझ्यात दोर अडकवला, दोन्ही हातांनी धरला आणि पाय वर घेऊन चक्क लटकले. भरल्या ओसरीत, फेटा बांधलेला पाटील!

"अहो, पोट्टी शेरा-दोन शेराची हाय," एक म्हातारी पोट धरून हसली. "तुम्ही कायले झोके घेता?"

पाटील हसले नाहीत. त्यांनी एक जोरदार हिसका दिला.

मी तुटलो. पाटील दाणकन जमिनीवर आपटले. ओसरी हास्यानं दणाणली, आणि मग एकेकीची नजर पाळणा होता त्या जागेकडे गेली. हसू तिथंच थांबलं. रुख्मिणीनं मुलीला छातीशी इतकं घट्ट धरलं की ती रडू लागली.

आता मी पुंजाजीच्या भट्टीजवळ दोन तुकड्यांत पडलोय. उद्या-परवा तापवतील, नवं काहीतरी करतील. काय करतील या विचारानं जीव थाऱ्यावर नाही. पुन्हा कुणाचा भार दिला तर? म्हणून घाईनं सांगून ठेवतो. आपल्या माणसाला कशाच्याही मागे बांधायचं असेल, कशावरही टांगायचं असेल, तर तिथं आधी आपलं वजन टाकून पाहा. मी धरून ठेवलं तेव्हा ती पोर कशीबशी वाचली. तिची लेक मात्र मी तुटलो म्हणून वाचली, आणि त्या दिवशी तुटताना मला जेवढं बरं वाटलं, तेवढं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.